दाजी पुढच्या वर्षी रिटायर होणार आणि ताईकडं आत्ताच घटस्फोटाच्या सह्या मागायलेत. पेन्शन, पीएफ, ग्रॅच्युइटीत तिचा वाटा असतो का?

माळेगावची_पोरगी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहायलेय. माझी मोठी ताई, वय 52, सासर अहमदपूर तालुक्यात. दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक आहेत, पुढच्या वर्षी 58 पूर्ण होतात. सहा-सात वर्षं झाली ते लातूरला वेगळे राहतात, का राहतात ते इथं लिहीत नाही, समजणाऱ्याला समजलं. ताई गावातच, शेतीचं तीच बघते, पोरीचं लग्न झालं, पोरगा पुण्याला शिकायलाय. इतकी वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही आणि दिवाळीपासून एकदम घाई सुटलीय की आपण समजुतीनं मोकळं होऊ, म्युच्युअल करू, मी पाच लाख देतो. सोबत 500 च्या बाँडवर टाईप करून कागदच आणलाय, त्यात एक ओळ अशी की "यापुढे पतीच्या नोकरीच्या व निवृत्तीच्या कोणत्याही रकमेवर माझा हक्क, हितसंबंध राहणार नाही". गावातली दोन मोठी माणसं पण म्हणायलेत की बाई सही कर, पाच लाख काही कमी नाहीत, कोर्टात गेलीस तर तारखाच खाशील.
तर विचारायचं असं की घटस्फोट झाला तर पेन्शनीत, पीएफमध्ये, ग्रॅच्युइटीत बायकोचा अर्धा वाटा असतो का? कुणी म्हणतं असतोच, कुणी म्हणतं दमडी मिळत नाही. आणि हा बाँडवरचा कागद म्हणजे घटस्फोट झाला का? ताई सही करायला तयार झालीय, म्हणते मला आता भांडायचं नाही. मीच तिला थांबवून ठेवलंय.

बीडचा_बाप्पा
सही अजिबात करू देऊ नका. बायकोचा अर्धा हक्क असतोच बाप्पा, कायदाच आहे तसा. आमच्या गल्लीत एका एसटीवाल्याच्या बायकोनं अर्धी पेन्शन घेतली कोर्टातून, मी स्वतः ओळखतो.

मांजराकाठ
बाप्पा कायदा कोणता तेवढं सांगा, मग पुढं बोलू.

बीडचा_बाप्पा
कायदा वकिलाला विचारा. मी घडलेलं सांगायलोय.

गोदाकाठचा_वकील
विचारलंच आहे तर लिहितो. मी नांदेड आणि परभणी दोन्हीकडं कौटुंबिक केसेस बघतो.
पहिली गोष्ट, आपल्याकडं हिंदू विवाह कायद्यात "लग्नाच्या काळात कमावलं ते अर्धं-अर्धं" अशी तरतूदच नाही. कलम 27 आहे पण ते लग्नात किंवा लग्नाच्या आसपास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं, भांडीकुंडी, दागिने, कपाट वगैरे. पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन ज्याच्या नावाची त्याचीच. बायकोनं शिक्षण विभागात अर्ज दिला की माझा अर्धा हिस्सा वेगळा काढा, तर ऑफिस तो अर्ज फाईलला लावून ठेवणार, दुसरं काही करू शकत नाही. बाप्पांच्या गल्लीतल्या बाईंना जे मिळालं ते खावटी म्हणून मिळालं असणार, आणि ती पेन्शनीतून वसूल झाली असेल. लोक त्यालाच अर्धी पेन्शन म्हणतात.
पण म्हणून दमडी मिळत नाही हेही साफ खोटं. कलम 25 खाली कोर्ट कायमची पोटगी ठरवतं, महिन्याची किंवा एकरकमी, आणि ठरवताना नवऱ्याचं उत्पन्न आणि मालमत्ता दोन्ही बघतं. एक वर्षात ज्याच्या हातात लाखांनी पैसा पडणार आहे आणि मरेपर्यंत पेन्शन चालू राहणार आहे तो माणूस कोर्टासमोर "माझ्याकडं काही नाही" म्हणू शकत नाही. केस चालू असताना कलम 24 ची अंतरिम खावटी वेगळी. ही दोन्ही कलमं बायकोसाठीच आहेत असंही नाही, कमावत्या बायकोकडून नवरा पण मागू शकतो, माझ्याकडं तशी एक केस आहे.
दुसरं, बाँडवर फारकत होत नाही. मराठवाड्यात हा रोगच आहे, नोटरीकडं जायचं, दोन पंच बसवायचे, सोडचिठ्ठी लिहायची आणि घरी येऊन जेवायचं. एखाद्या समाजात फारकतीची जुनी रूढी असेल आणि ती कोर्टात सिद्ध करता आली तर कलम 29 तिला मान्यता देतं, बाकी सगळ्यांसाठी तो कागद म्हणजे रद्दी. कोर्टाची डिक्री होईपर्यंत ताई कायदेशीर पत्नीच आहेत. रद्दी म्हणून सही मात्र करायची नाही हं. उद्या तोच कागद समोरचा वकील "बाईंनी राजीखुशीनं हक्क सोडला" म्हणून रेकॉर्डवर आणतो आणि मग त्याच्याशी झगडण्यात वर्षं जातात.

पंचायत_समितीचा_जुना_बाबू
वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी टेबलावरचं सांगतो. आमची सगळी नोकरी पेन्शन केसेस तयार करण्यात गेली.
आकडे मांडून बघा म्हणजे पाच लाख म्हणजे काय ते कळेल. गुरुजींचं बेसिक समजा 80 हजार आहे आणि नोकरी पूर्ण आहे, 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची म्हणजे जुनी पेन्शन. तर पेन्शन बसते 40 हजार. त्यातली 40 टक्के विकता येते, आपल्याकडं अंशराशीकरण म्हणतात, 16 हजार महिना विकला की एकरकमी 16 लाखांच्या आसपास हातात येतात. विकलेला भाग 15 वर्षांनी परत चालू होतो आणि महागाई भत्ता मात्र पूर्ण 40 हजारांवरच मिळत राहतो. ग्रॅच्युइटी साडेसोळा पगारांपर्यंत जाते, नुसत्या बेसिकवर धरली तरी 13 लाखांच्या पुढं, आणि मर्यादा आता सप्टेंबर 2024 पासून 14 ची 20 लाख झालीय. जीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या पीएफमध्ये, काय शिल्लक आहे ते त्यांनाच माहीत, कर्ज काढून काढून रिकामा पण केला असेल. गटविम्याचे थोडे. शिक्षकांना सुट्ट्या असल्यामुळं रजेचे पैसे फार निघत नाहीत.
आता मुद्द्याचं. या सगळ्यात बायकोला स्वतःच्या अधिकारात मिळणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे फॅमिली पेन्शन. नवऱ्याच्या पश्चात शेवटच्या बेसिकच्या 30 टक्के, म्हणजे या हिशोबानं 24 हजार आणि वर महागाई. नवऱ्यानं पेन्शन विकली असली तरी ही कमी होत नाही. ही नवरा मृत्युपत्र करून दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही, नॉमिनेशन करून पण नाही, ती कुटुंबाच्या यादीप्रमाणंच जाते. आणि ज्या दिवशी घटस्फोटाची डिक्री होते त्या दिवशी बाई त्या यादीतून बाहेर. नुसती वेगळी राहत असेल तर बाहेर नाही. कोर्टातून न्यायिक विभक्तता, म्हणजे घटस्फोट न होता कोर्टाच्या हुकमानं वेगळं राहणं, घेतली असेल तरी बाहेर नाही, फक्त ती व्यभिचाराच्या कारणावर दिलेली नसावी.
घाई कशाची आहे तेही सांगतो. पेन्शन केसला पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो. जोडीचा फोटो, मागं ऑफिसचा साक्षांकित शिक्का. रिटायरमेंटच्या आधी सहा-आठ महिने बाबू लोक फोटो आणा, पत्नीचं आधार आणा, जन्मतारखेचा पुरावा आणा म्हणून मागं लागतात. तिथं बरोबर गाडी अडते. कुणाचा फोटो लावायचा?

मांजराकाठ
अरे देवा. म्हणजे हे प्रकरण असं आहे होय.

पंचायत_समितीचा_जुना_बाबू
मी कुणावर आरोप करत नाही, मला त्या घरातलं काही माहीत नाही. पण असे फोटो आम्ही लई बघितले. रीतसर घटस्फोट घेऊन नंतर दुसरं लग्न केलं, अगदी रिटायर झाल्यावर केलं, तरी ती दुसरी बायको फॅमिली पेन्शनला पात्र होते. पहिली असतानाच दुसरी केली तर नाही होत. यावर आपल्याच औरंगाबाद खंडपीठात तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाचा 2019 चा निकाल आहे, लग्नच कायदेशीर नसेल तर दुसरीला 1982 च्या पेन्शन नियमांखाली फॅमिली पेन्शन नाही. त्याआधी लोक नियम 116 मधलं "एकापेक्षा जास्त विधवा असल्यास समान हिस्से" हे वाक्य दाखवून दोघींत वाटून घ्यायचे. ते दिवस गेले. म्हणून आता पहिलीची सही पाहिजे असते.

माळेगावची_पोरगी
काका तुम्ही जे लिहिलं ते वाचून माझे हातपाय गार पडले. खरंच मागच्या महिन्यात दाजींनी ताईला फोन करून तिचं आधार आणि दोन फोटो मागितले होते, नंतर परत फोन करून राहू दे म्हणाले.

परभणी_पॅसेंजर
माझं मत वेगळं आहे, शिव्या खाईन पण बोलतो. सहा-सात वर्षं दोघं एका छपराखाली नाहीत, संसार उरलेला नाही, आणि तुम्ही सगळे त्या बाईला सांगायलेत की नवरा मेल्यावर पेन्शन मिळेल म्हणून नातं धरून ठेव. हे काय जगणं झालं का? माणूस 85 वर्षं जगला तर? तोपर्यंत तिला काय? मी स्वतः घटस्फोटित आहे, माझी बायको सरकारी दवाखान्यात नर्स, तिचा पगार माझ्याहून जास्त. आम्ही ठरवलं की तुझं तुला माझं मला, दोन पानी समझोता, कोर्टात दोन जबाब आणि विषय संपला. आज पोरीच्या वाढदिवसाला दोघं एकत्र असतो. प्रत्येक घटस्फोटात बाईच लुटली जाती असं नसतं.

कळंबची_काकू
पॅसेंजर भाऊ तुमची बायको नर्स होती म्हणून तुझं तुला माझं मला जमलं. हिच्या ताईचं "माझं" काय आहे? बावीस-तेवीस वर्षं गुरुजींचे डबे, सासूचं अंथरूण, शेतातली खुरपणी, ह्याची कुठं पे स्लिप निघती का? गुरुजी शाळेवर निर्धास्त जाऊ शकले ते कुणाच्या जिवावर?

परभणी_पॅसेंजर
ते मान्यच आहे काकू. मग त्याचे पैसे आज मागा, रोख मागा, त्याच्या मरणाची वाट बघत बसू नका एवढंच म्हणायलोय.

गोदाकाठचा_वकील
दोघांचंही बरोबर आहे आणि निर्णय ताईंचाच आहे. ताईंना मोकळं व्हायचं असेल तर जरूर व्हावं, पण फॅमिली पेन्शन सोडायची तर तिची किंमत धरून रक्कम मागावी. जुन्या बाबूंचा हिशोब घ्या. 24 हजार अधिक महागाई, बाईंचं वय नवऱ्यापेक्षा पाच वर्षांनी कमी. शिवाय नवरा जिवंत असेपर्यंतची खावटी, तिची वेगळी किंमत. सुप्रीम कोर्टानं 2017 च्या एका निकालात निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम पोटगी म्हणून योग्य धरली होती, तो काही दगडावरचा नियम नाही, केस बघून कमी-जास्त होतं, पण बोलणी सुरू करायला धरायला हरकत नाही. यात पाच लाख कुठं बसतात तुम्हीच बघा.
सहमतीनं न केल्यास गुरुजी काय करू शकतात? कलम 13 खाली एकतर्फी केस टाकतील, बायकोनं सोडून दिलं म्हणून. पण घर सोडून गेलेत ते स्वतः. आणि "संसार पूर्ण मोडलाय" एवढ्याच कारणावर घटस्फोट द्यायचा अधिकार सुप्रीम कोर्टाला आहे, राज्यघटनेच्या कलम 142 खाली, 2023 ला घटनापीठानं सांगितलंय. अहमदपूरच्या किंवा लातूरच्या कोर्टाला तो नाही. त्यामुळं ताईंची सही ही या घडीला त्यांच्याकडची सगळ्यात महागडी वस्तू आहे आणि ती पाच लाखात मागायलेत.

वाळूज_सेकंड_शिफ्ट
सरकारीवाल्यांचं झालं, आमच्यासारख्या एमआयडीसीवाल्यांचं पण थोडं लिहितो कारण आमच्या इथं पेन्शन म्हणजे चेष्टा आहे. पगारातून 12 टक्के आपले, कंपनीचे 12, पण कंपनीच्या 12 मधले 8.33 पेन्शन फंडात जातात आणि ते पण 15 हजाराच्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला 1250 रुपये. खरा पैसा ईपीएफच्या खात्यात. त्या खात्याला कायद्यानं कवच आहे, कुठल्याही कर्जासाठी कोर्टाची जप्ती त्याच्यावर येत नाही. ग्रॅच्युइटीला पण कायद्यात तसंच आहे.
आमच्या लाईनवर एकाचा घटस्फोट झाला, वकिलानं समझोत्यात लिहिलं की "पीएफमधील निम्मी रक्कम पत्नीस देण्यात येईल". बायको तो कागद घेऊन पीएफ ऑफिसला गेली, त्यांनी हात जोडले, म्हणे सभासदानं क्लेम टाकला तर सभासदाच्याच खात्यात पैसे जातील. मग त्यानं नोकरी सोडली तेव्हा पैसे काढले आणि तिला दिले पण, माणूस सरळ होता म्हणून. नसता तर?
आणि एक, नॉमिनेशन. लग्न झालं की आधीचं आई-बापाचं नॉमिनेशन आपोआप रद्द होतं, नवीन भरावं लागतं. घटस्फोट झाल्यावर जुनी बायको कुटुंबात बसत नाही पण पोरं बसतात. अर्धे लोक यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम नंबरावर, ई-नॉमिनेशन करतच नाहीत आणि मग मागं राहिलेले हेलपाटे मारत बसतात.

टेक्सासचा_लातूरकर
इथं अमेरिकेत हे एकदम वेगळं आहे म्हणून लिहितो, आपल्याकडं लागू नाही हे माहीत आहे. माझा एका मित्राचा घटस्फोट झाला. टेक्सासमध्ये लग्नानंतर कमावलेलं दोघांचं धरतात, त्यात 401-के म्हणजे कंपनीचं रिटायरमेंट खातं पण आलं. घटस्फोटाच्या डिक्रीबरोबर कोर्ट एक वेगळा आदेश काढतं, क्वाड्रो म्हणतात, तो थेट प्लॅन चालवणाऱ्या कंपनीला जातो, ती तपासते आणि बायकोचा हिस्सा परस्पर तिच्या नावानं वेगळा काढते. नवऱ्याच्या हातातून पैसे जातच नाहीत. ही सोय त्यांच्या कायद्यात 1984 ला आली. सोशल सिक्युरिटीचं पण आहे, लग्न किमान दहा वर्षं टिकलेलं असेल आणि पुन्हा लग्न केलं नसेल तर घटस्फोटित बायकोला म्हातारपणी जुन्या नवऱ्याच्या रेकॉर्डवर पैसे मिळतात, आणि त्यानं नवऱ्याचे कमी होत नाहीत. पण तिथंही लोक तो वेगळा आदेश करून घ्यायचा विसरतात आणि नुसत्या डिक्रीवर भरवसा ठेवतात, मग वांधे.

मांजराकाठ
आपल्याकडं हा एवढा एक कागद जरी आणला ना, निम्म्या खावटीच्या केसेस कमी होतील. ऑफिसनं परस्पर कापून द्यायचं, संपलं.

शेख_सर
एक भर घालतो. आमच्याकडं लोकांचा समज असतो की मेहेर आणि इद्दतचा, म्हणजे तलाकनंतरच्या ठरावीक काळाचा, खर्च दिला की झालं. घटस्फोटित मुस्लिम महिलांच्या 1986 च्या कायद्यावर सुप्रीम कोर्टानं 2001 ला सांगितलं की इद्दतच्या काळातच पुढच्या आयुष्याची पण वाजवी तरतूद करून द्यायची, आणि जुलै 2024 ला सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम बाई जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पण खावटी मागू शकते. 125 म्हणजे आता बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 144. आमच्या शाळेतल्या एका रिटायर शिक्षकाच्या पहिल्या बेगमनं हेच केलं. धर्म कोणता का असेना, पेन्शनवाल्याला हात वर करता येत नाहीत.

पोस्टाची_ताई
मी उलट्या बाजूची, नोकरी माझी आहे. डाक विभाग, म्हणजे केंद्र सरकार. माझी केस कोर्टात चालू आहे आणि मला रात्रंदिवस एकच घोर होता की उद्या मला काही झालं तर फॅमिली पेन्शन त्या माणसाला जाणार ज्यानं पोरांकडं ढुंकून बघितलं नाही. केंद्रानं जानेवारी 2024 ला नियम बदलला, घटस्फोटाची किंवा घरगुती हिंसाचाराची केस चालू असेल तर महिला कर्मचारी लेखी देऊ शकते की नवऱ्याच्या आधी पोरांना द्या. मी दिलं लिहून, पोच घेतली, लॅमिनेट करून ठेवली. हे केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी आहे, झेडपीच्या मॅडम लोकांनी आपलं राज्याचं बघावं.

कळंबची_काकू
शाब्बास गं बाई.

उदगीरची_सुगरण
मी एरवी वाचते फक्त. पण आज लिहिते कारण माझ्यासोबत झालंय. आमचे हे एका महामंडळात होते. म्युच्युअल केला. समझोत्यात लिहिलं होतं की "निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीची रक्कम प्राप्त झाल्यावर अर्जदार क्र. 1 हे अर्जदार क्र. 2 यांना योग्य ती रक्कम देतील". वाचा परत. "प्राप्त झाल्यावर", तारीख नाही. "योग्य ती", आकडा नाही. मला त्या वेळी वाटलं माणूस शब्दाचा आहे. रक्कम त्यांना प्राप्त झाली, त्यातून पुतण्याच्या नावानं प्लॉट घेतला, आणि मला सांगितलं की योग्य ती म्हणजे एक लाख. मी कोर्टात वसुलीची दरखास्त टाकली तर त्यांचा वकील म्हणतो आकडाच नाही, वसूल काय करायचं. माझं प्रकरण अजून चालूच आहे. तुमच्या ताईला हे वाचून दाखवा.

गोदाकाठचा_वकील
उदगीरच्या ताईंनी लिहिलेलं वाक्य मी दर चार समझोत्यांत एकदा तरी बघतो. लिहिणाऱ्या वकिलाला घाई असते, पक्षकाराला लाज वाटते आकडा मागायला.
म्युच्युअलचं वेळापत्रक ताईंच्या बाजूनं कसं वापरायचं ते सांगतो. कलम 13-ब मध्ये अर्ज दाखल केल्यावर दुसरा जबाब 6 महिन्यांनंतर आणि 18 महिन्यांच्या आत द्यायचा असतो. 6 महिने माफ करून घेता येतात, 2017 पासून, पण त्यासाठी दोघांची विनंती लागते. गुरुजी माफी मागायला सांगतील, ताईंनी नाही म्हणायचं. 18 महिने म्हणजे रिटायरमेंट आरामात त्यात बसते. अर्ज करताना काही रक्कम डीडीनं, उरलेली दुसऱ्या जबाबाच्या दिवशी कोर्टात डीडीनं, ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरणाचे पैसे तोपर्यंत आलेले असतात. डीडी हातात, मग जबाब. डिक्री होईपर्यंत संमती मागं घेता येते. पोस्ट-डेटेड चेक बिलकुल नाही.
महिन्याची खावटी घेणार असाल तर कलम 25 मध्येच सोय आहे, ती रक्कम नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा म्हणून टाकून मागायची. समझोत्यात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहायच्या आणि डिक्री झाली की फेरफार करून सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद घ्यायची. मग शेत विकायला गेले तरी घेणारा आधी तुमच्याकडं येतो. पेन्शनीचं म्हणाल तर 1871 च्या पेन्शन कायद्यानं तिला जप्तीपासून संरक्षण आहे, पण ते सावकारापासून. नागपूर खंडपीठानं 2019 ला सांगितलंय की खावटी मागणारी बायको म्हणजे सावकार नाही, पेन्शनीतून वसुली होऊ शकते. नोकरीत असेपर्यंत पगारातून तर होतेच, खावटीच्या डिक्रीत पगाराचा एक तृतीयांश तेवढा सोडावा लागतो. आणि 144 खालची खावटी थकली तर वसुलीचा अर्ज एक वर्षाच्या आत टाकायचा, लोक पाच-पाच वर्षं "देतील, देतील" करत बसतात आणि जुनी थकबाकी हातची जाते.

बीडचा_बाप्पा
वकीलसाहेब पण गुरुजीनं खरे आकडे सांगितलेच नाहीत तर? जीपीएफ किती, कर्ज किती, तो थोडंच सांगणार.

गोदाकाठचा_वकील
सांगावं लागतं. रजनेश विरुद्ध नेहा, 2020, सुप्रीम कोर्ट. खावटीच्या प्रत्येक केसमध्ये दोघांनी उत्पन्न, मालमत्ता, देणी यांचं शपथपत्र द्यायचं, ठरलेल्या नमुन्यात. त्यात पीएफ, पॉलिसी, सगळं येतं. पगाराची स्लिप तर शालार्थवर, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी वेबसाईटवर, असतेच, कोर्टातून मागवता येते. खोटं शपथपत्र दिलं तर ते नोकरीवाल्याला फार महागात पडतं, रिटायरमेंटच्या तोंडावर तर जास्तच. म्हणून सल्ला असा की समझोत्याची बोलणी पण शपथपत्र झाल्यावर करा, आधी नाही.

पंचायत_समितीचा_जुना_बाबू
आणि ताईंनी एक साधा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावा, प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला. मी अमुक यांची कायदेशीर पत्नी आहे, आमचा घटस्फोट झालेला नाही, सेवापुस्तकातल्या कुटुंबाच्या तपशिलात माझं नाव आहे ते माझ्या माघारी बदलू नये. लग्नाचा दाखला नसेल तर लग्नपत्रिका, रेशन कार्ड, पोरांचे टीसी जोडा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. यानं पैसे मिळत नाहीत, पण बाबू माणूस असा अर्ज फाईलला असला की दुसरा फोटो लावायला धजत नाही. नोकरी सगळ्यांना प्यारी असती.

मांजराकाठ
वकिलाची फी कुठून आणायची हा पण प्रश्न असतो बरं का.

गोदाकाठचा_वकील
बाईला फी लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12, महिलांना उत्पन्नाची अटच नाही. लातूरच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तालुक्याला समिती असते. साधा अर्ज आणि आधार, वकील ते देतात.

परभणी_पॅसेंजर
पोरगी, एक विचारू? ताईला काय पाहिजे ते कुणी विचारलं का तिला? आपण सगळे इथं हिशोब मांडायलोत.

माळेगावची_पोरगी
विचारलं. काल रात्री सगळा धागा तिला मोठ्यानं वाचून दाखवला, उदगीरच्या ताईंचं दोनदा. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की मला त्या माणसाची पेन्शन नको पण माझ्या जागेवर दुसरीचा फोटो लागणार असेल तर पाच लाखात नाही लागणार. घर आणि तीन एकर दाजींच्या नावावर आहे, ते तिला नावावर पाहिजे, पोराचं शिक्षण होईपर्यंतचा खर्च पाहिजे, आणि वर एकरकमी किती मागायची ते वकिलांना विचारून ठरवू म्हणते. तेवढं दिलं तर त्याच दिवशी सही, नाहीतर आहे तसं चालू दे, मी कुठं पळून चाललेय म्हणते.
बाँडचा कागद दाजींना परत पाठवला, न फाडता. आम्ही दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवलीय. जुन्या बाबूकाकांनी सांगितलेला अर्ज पोरानं टाईप केलाय, सोमवारी अहमदपूरला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं देतो आणि तिथूनच लातूरला प्राधिकरणात जातो. वकीलसाहेब, घर आणि शेत समझोत्यातच ताईच्या नावावर लिहून घेतलं तर वेगळं रजिस्ट्री ऑफिसला जावं लागतं का?

गोदाकाठचा_वकील
ते समझोत्यात मिळकत कशी लिहिली आहे आणि ती केसचा विषय आहे का यावर ठरतं, म्हणून मसुदा सही व्हायच्या आधी एकदा दाखवा. प्राधिकरणाचा वकील मिळाला की त्यांनाही सांगा की गट नंबर आणि घराचा नमुना 8 अर्जातच घाला. आणि ते तीन एकर गुरुजींनी स्वतः घेतलेले आहेत का वडिलोपार्जित, तो जुना फेरफार आजच तलाठ्याकडून काढून घ्या. वडिलोपार्जित असेल तर पोराचा आणि पोरीचा त्यात जन्मानं हिस्सा आहे, मग बोलणी वेगळ्या जागेवरून सुरू होतात.

बीडचा_बाप्पा
वकीलसाहेब माझ्या मेव्हणीचं पण असंच एक आहे, नवरा एनपीएसवाला, म्हणजे नव्या पेन्शनवाला आहे, 2009 ची नोकरी. त्यात 60 टक्के एकरकमी मिळतात ना? इथं विचारू का वेगळा धागा काढू?

गोदाकाठचा_वकील
वेगळा काढा बाप्पा. आणि या वेळी ऐकीव नको, कागद घेऊन बसा.